घोड्यावरचा उघडा माणूस

ठाणे आरमोरी, जिल्हा चांदा. ता. १२ नोव्हेंबर १९५४, शुक्रवार, दुपारी एक वाजता.

मी कुंता दसरू मारबते, वय अंदाजे ३२ वर्षे, जात ढिवर, धंदा मासेमारी व मजुरी, राहणार खारीटोला, तहसील गडचिरोली, समक्ष हजर राहून सांगते की,

माझा नवरा आलापल्लीकडे लाकूडतोडीच्या कामावर आहे. घरी मी व मुलगी मैना, वय ८, अशा दोघीच आहोत.

माझा बाप लटारू पहिल्या जर्मन लढाईत मजूर पलटणीबरोबर समुद्रापलीकडे गेला होता. तेथे त्याचे काम मुडदे पुरण्याचे होते. त्यास सरकारातून तांब्याच्या रंगाचे एक मेडल मिळाले. एका बाजूस राजाचे तोंड आहे. दुसऱ्या बाजूस घोड्यावर बसलेला पुरुष आहे. त्याच्या अंगावर कपडा नाही. हातात आखूड तलवार आहे. घोड्याच्या पायाखाली माणसाची कवटी व हाडे आहेत. लहानपणी मी बापास विचारले, "बाबा, ह्याचे कपडे कुठी गेले?" बाप म्हणाला, "तिथी कोणाचेच राहत नव्हते, बाई." त्यापुढे त्याने कधी सांगितले नाही. मरताना मेडल मला दिले. मी ते काळ्या दोऱ्यात गळ्यात घालते. राजाची बाजू बाहेर ठेवते.

ता. ६ व ७ रोजी शेजारी गोविंदा याच्या दोन्ही मुली ओकारी-जुलाब होऊन पटकीने गेल्या. धाकटीला शेवटची आंघोळ घालण्यास मी गेले होते. वाकले तेव्हा मेडल उलटले. ते गोविंदाची बायको देवकाबाई हिने पाहिले. मागाहून तिने ते गोविंदास सांगितले.

आज सकाळी गोविंदा व दहा-बारा माणसे माझ्या अंगणात आली. गोविंदाने विचारले, "कुंता, हा नागडा कोण हाये? कोणाच्या हाडावर घोडा चालवून राह्यला?"

मी म्हणाले, "मले ठावं नाई, भाऊ. सरकारानं देल्लं हाये."

"सरकार असा नागडा काऊन देईल? माह्या पोरी गेल्या, तुही पोरगी कशी राह्यली?"

मी करणी केली असे माणसे म्हणू लागली.

त्यांनी मैनाला गोविंदाच्या घरी नेले. मला सांगितले, "ठाण्यात जाय. ह्याचं नाव आण. दिवस बुडेपर्यंत आली नाईस तं आमी पाहून घेऊ." देवकाबाईने मैनाला जवळ बसवून तिचे केस विंचरण्यास घेतले. मैना रडत नव्हती. मी चार कोस चालत आले. वाटेत बसले नाही.

जमादारसाहेबांनी चष्मा लावून मेडलच्या काठावरची इंग्रजी अक्षरे वाचली. माझ्या बापाचेच नाव निघाले. ते तेथे आहे हे मला ठाऊक नव्हते. साहेब म्हणाले, मेडल सरकारनेच दिल्याचा हा पुरावा आहे, तसा कागद लिहून देतो. माझी विनंती आहे की हे नाव गावात सांगू नये. गोविंदा म्हणेल, नागडा लटारूच आहे. कागदही नको. तेथे वाचणारे कोणी नाही. सोबत माणूस द्यावा. दिवस कलला आहे.

हे लिहिलेले मला मोठ्याने वाचून ऐकवले. मी बोलले तसेच आहे, जास्त-कमी नाही. डाव्या अंगठ्याची निशाणी केली.

शेरा, ता. १३: काल लगेच शिपाई मनसाराम व कोलू सायकलने रवाना केले, बाईस पुढे बसवून नेले. दिवस असता पोहोचले. मुलगी गोविंदाच्या घरी मिळाली. अंगास इजा नाही. देवकाबाईने तिला आपल्या मयत धाकटीचा झगा घातला होता व ती मुलीस सोडण्यास तयार नव्हती. तिचे हात सोडवावे लागले. झगा जागीच जाळला. आज सकाळपर्यंत मुलीस ओकारी-जुलाब नाहीत.