आधी इसण, मग गरम

—न्हाई न्हाई, बाळ इतक्यात देऊ नको. आदी हा नळ बंद कर. वाफ बघितलीस? अगं अश्विनी, हे न्हानाचं पानी हाय का कोंबडी सोलायचं? तुज्या बापानं नातीसाठी नवा गिझर बसवला, लई ग्वाड काम केलं — पर काटा पार शेवटाला! का, तर लेकीचं पहिलं बाळंतपन, माहेरात काय कमी पडाया नको. माया काट्यावर मोजत्यात व्हय? मघाशीच पन्नासावर आनायला लावला म्या, पर टाकीतलं पानी अजून कढतच हाय.

बादलीत आदी काय घालायचं? गार. चूल हुती तवा हंड्यातलं कढत आदी ओतायचं आन वरून गार पान्याचं इसण — चालायचं, कारन कोनतरी बादलीम्होरं बसलेलं असायचं. आता गरम नळ सोडायचा आन फोन आला म्हून निघून जायाचं — तेवढ्यात रांगतं पोर आत हात घालतंय. म्हून आदी इसण, मग गरम, मग तळापासनं ढवळायचं. हां. आता कोपर बुडव. माजं कशाला? — तुजं म्हनते ना.

अशी बघू नको. चाळीस वर्सं झाली मला बाळं न्हाऊ घालताना, निम्मं श्रीगोंदं ह्या पायांवरनं उठून शाळंत गेलं — तू बी त्यातलीच. पर तव्यावरची भाकर उचलून उचलून ह्या हातांचं झालंय जोड्याचं कातडं. गरम कळतच न्हाई त्येंला. कवा ध्यानात आलं म्हन्तीस? कर्जतला, पूजा म्हून एक बाळंतीन हुती तिच्या घरी. म्या हात घातला, म्हनलं कोमट हाय, आन पहिला तांब्या लेकराच्या पायावर — किंचाळलं गं. लगीच गार पान्याखाली धरला पाय, बराच येळ, मग दवाखाना. आठ दिसांत बरा झाला, डाग बी न्हाई, आता पळतंय ते. पर घरच्या समद्यांनी गिझरला शिव्या दिल्या — आन म्या बी दिल्या, त्येंच्यापेक्षा चार जास्तीच. गिझर बिचारा भिताडावरनं काढून टाकला, आन मला लुगडं नेसवून वाटं लावलं. त्ये लुगडं परत नेसले न्हाई म्या.

दोन वर्सं झाली, समद्यांची बोलावनी परतवली, गुडघं दुखत्यात म्हून. गुडघ्यांना काय धाड भरलीय! तुज्या आईला बी तेच सांगनार हुते — पर लेकराच्या अंगाचा वास आला न्हाई तर मला दिस उजाडल्यावानी वाटत न्हाई. म्हून आले. हे सांगायचं नव्हतं खरं, तोंडातनं गेलं.

तर आता तू ठरीव. कोपर तुजं, हात माजा. तुला कोमट लागलं तरच तांब्या उचलीन, न्हाईतर ही निघाले, राग धरनार न्हाई. सांग.

…नक्की?

दे मग. हळू, पायावर आडवी ठेव. नळाला म्या हात लावनार न्हाई, लागलं तर हाक मारीन. जा आता, दार वडून घे. रडंल ती, रडू दे — आन दुसरं कुनाचं रडनं ऐकू आलं तर ते माजं समज, आत येऊ नको.