चादरीची कड

हॅलो? … हो, हो, मीच. बेड सातची मुलगी… तीच ती, सकाळपासून फोन करून तुमचं डोकं खाणारी. आमच्या आयसीयूत असल्या नातेवाइकांना आम्ही 'अलार्म' म्हणतो. वाजतच राहतात… तुम्ही काय म्हणता? … 'कोकिळा'? बरंय की. बढतीच झाली माझी.

पण थांबा. आज तुम्ही आपणहून फोन केलात. नर्स आपणहून फोन करते तेव्हा… काय झालं, सिस्टर? आईचं काय? … 'स्थिर' म्हणू नका! पाया पडते, तो शब्द नको. नर्स म्हणून दीड वर्ष मीच तो वाटतेय, येईल त्या नातेवाइकाला. त्याच्या आत काय काय कोंबलेलं असतं ते मला ठाऊक आहे.

हं… हं… पुन्हा काढला मास्क? … आणि काढला की ऑक्सिजन धाडकन खाली. … हो, येणारच तो खाली.

नाही हो, यायला जमलं असतं तर उडत आले असते. मीच पॉझिटिव्ह. आमच्याच वॉर्डातून घेऊन आले, बक्षीस मिळावं तसं. नवरा दाराबाहेर ताट ठेवतो, दार वाजवतो आणि पळतो. काल म्हणाला, मी चहा घेतला गं. पेशंटला विचारावं तशी मी आतून ओरडले, किती मिली? … हसा, हसा. तो मात्र नाही हसला.

बरं, ऐका ना. पट्ट्या जरा सैल करून बघितल्या? … नाकाच्या हाडावर पॅड? … ओठ ओले केले? … कवळी काढली असेल तर गाल बसतात, मग हवा बाजूनं… तेही केलंत. सगळंच केलंत की! घ्या, माशाला पोहायला शिकवायला निघाले होते मी.

डॉक्टर काय म्हणतात? … हं. अजून एकदा काढला तर हात बांधायचे. तरी नाहीच जमलं, तर घशात नळी. … नाही, नाही, बरोबर आहे त्यांचं. मीही तेच म्हटलं असतं. बांधलेत की मी हात. मऊ पट्टी, दोन बोटं आत जातील इतकी सैल, 'आजी, रागावू नका हं' म्हणत. कुणाकुणाच्या आया होत्या त्या. आपल्यालाही एक आई आहे, हे ड्यूटीवर कुठे आठवतं?

सिस्टर, तू म्हटलं तर चालेल ना? आवाजावरून माझ्या भाचीएवढी वाटतेस. घसा बसलाय तुझा. त्या प्लास्टिकच्या सूटमध्येच आहेस अजून? … आणि पाणी प्यायली नसशील. मीही नाही प्यायची. एकदा सूट चढवला की बाथरूमला जाणार कुठून!

आणखी काय? … नाही, काहीतरी राखून ठेवतेयस. मला कळतो हा सूर, माझाच आहे तो. बोल.

…

नाही, आहे मी. ऐकतेय. आई चादर चाचपते, म्हणतेस.

कधीपासून?

… आमच्याकडे पेशंट चादर चिमटायला लागला की आम्ही एकमेकींकडे बघतो. बोलत कुणीच नाही. एखादी जाऊन घरच्यांचा नंबर काढून ठेवते. … म्हणून फोन केलास. हं. बरं केलंस गं. मीही केला असता.

नाही, रडत नाहीये. आजारी आहे मी, नाक वाहणारच.

… ए, थांब. ठेवू नकोस फोन. चाचपते म्हणजे कशी? मुठीनं ओढते? … चिमटीत? अंगठा नि पहिलं बोट? … आणि पुढे सरकवते? एकाच दिशेनं? … चादरीच्या मधे की कडेला? … कडेला! अगं ऐक, एक काम कर. त्या चादरीची कड उलटून बघ. बघ तर खरं. जा, मी आहे फोनवर.

… काय? वीतभर उसवलीय? दोरा लोंबतोय?

अगं माझे आई! ती जात नाहीये गं कुठे, ती दुमड घालतेय! … कपडे शिवते ती, उभा जन्म मशीनवर गेला. कुणाच्या घरी गेली तर माणसांआधी पडद्यांची शिलाई बघते. माझ्या लग्नाच्या फोटोत सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत, आई जावयाच्या बाहीकडे! … असेल गं थोडी भ्रमात, मी कुठे नाही म्हणते. पण भ्रमातसुद्धा उसवलेलं बघवत नाही बाईला. आणि मी! तिच्या पोटची पोर. चादर म्हटल्याबरोबर पुस्तकातलं पान आठवलं, आई नाही आठवली.

पाय बघ. पाय हलतोय का? टाच-चवडा, टाच-चवडा? … बघ! मशीन चालू आहे तिची.

… नाही, नाही, नाही! चादर बदलू नकोस! खबरदार! नवी कोरी चादर दिलीस तर हात रिकामा होईल, आणि रिकामा हात सरळ मास्कवर. हीच राहू दे. उलट पलीकडची कडही थोडी उसवून ठेव. … हो, मी सांगतेय. कुणी रागावलं तर सांग, बेड सातची मुलगी वेडी आहे. आता मास्क लाव आणि लगेच कड हातात दे. … लावलास? … दिलीस?

…

हात कुठे आहेत? … अजून चादरीवरच? … आणि आकडा? … चढतोय? किती? … नव्वद. नव्वद! … हो, आता रडतेय. आता खरंच रडतेय.

तिच्या कानाला लाव ना फोन. प्लास्टिकच्या पिशवीत असला तरी तसाच लाव, ऐकू जातं. … आई? आई, मी गं. मास्कला हात लावायचा नाही. कड पुरी होईपर्यंत उठायचं नाही. आणि बारीक घाल टाके, घाई नाहीये गिऱ्हाइकाला. मी थांबलेय. …

काय केलं तिनं? … हातानं? 'जा, जा' असं? … झालं तर मग! कामात असली की असंच हाकलायची. शाळेतून धावत आले तरी.

अगं, मागे काय वाजतंय? औषधाच्या पंपाचा अलार्म ना? तुझाच दुसरा बेड असेल, पळ. … भाऊ? त्याला मी कळवते. तोही वाजतोय सकाळपासून, आमच्या घराण्यातच आहे ते. … नाही, 'स्थिर' नाही सांगत. सांगते, आई कामात आहे, नंतर फोन कर.

आणि ऐक ना, पाणी पी… हॅलो? …

पळाली. शहाणी आहे पोर.