कुलूप शाबूत असल्याबाबत

माझे नाव व पत्ता पतीने दिलेल्या तक्रारीत लिहिले आहेत, ते बरोबर आहेत. वय तक्रारीत चोवीस लिहिले आहे. ते सव्वीस आहे. धंद्यापुढे 'काही नाही' असे आहे. तिथे 'रक्ततपासणीचा डिप्लोमा, रुग्णालयात निवड झालेली' असे लिहून घ्यावे.

मी समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, माझे वडील सुतार आहेत. आमच्या घरात माझ्याआधी कोणी शाळेत गेलेले नाही. मी डिप्लोमा पास झाले तेव्हा वडिलांनी माझ्या प्रमाणपत्रांसाठी लाकडी पेटी केली. कागदाला घडी पडू नये म्हणून सर्वांत मोठे प्रमाणपत्र त्यांनी पट्टीने मोजून घेतले. त्यावरचे त्यांना वाचता येत नाही. पेटीला त्यांनी कुलूप ठेवले नव्हते. म्हणाले, "तुझे कागद दुसऱ्या कुणाच्या काय कामाचे?" एवढा एक त्यांचा अंदाज चुकला.

मागील गुरुवारी रुग्णालयाचे निवडपत्र आले. मूळ प्रमाणपत्रे घेऊन पडताळणीला या, असे त्यात होते. पतीने ते उभ्याने वाचले व म्हणाले, "लोक मला काय म्हणतील? बायकोला सुया टोचायला पाठवतो?" सासूबाई म्हणाल्या, "शिकलीस म्हणजे आभाळाला हात लागले का गं?"

शनिवारी दुपारी चारच्या सुमारास (घरचे घड्याळ सहा मिनिटे पुढे आहे) पतीने पेटीला कुलूप बसवायला घेतले. पती टायरच्या दुकानात मॅनेजर आहेत. कुलूप त्यांनी दुकानातून आणले, ते शटरला लावतात त्या प्रकारचे होते. पेटी उचलली की ती कुलपाच्या बाजूला कलत असे. कडीकोयंड्याचे चार स्क्रू त्यांनी हातोडीने ठोकले. मी म्हटले, "अहो, आधी बारीक भोक पाडून घ्या, लाकूड चिरेल." ते म्हणाले, "सुताराची लेक आहेस, सुतार नाहीस." त्यानंतर लाकूड चिरले. कोयंडा वाकडा बसला. मग तो सरळ दिसावा म्हणून त्यांनी पेटीच तिरकी ठेवली. हे काम साडेसहापर्यंत चालले. किल्ली त्यांनी दोऱ्यात ओवून गळ्यात घातली. अंघोळीच्या वेळीही ती गळ्यातच असते.

रविवारी सकाळी अकराच्या सुमारास शेजारचे काका आले. पती बाहेरच्या खोलीत त्यांना कुलूप कसे बसवले ते सांगत होते. "काका, लोखंड कापायची करवत आणली तरी हलायचं नाही," हे वाक्य मला आत ऐकू आले. त्या वेळी मी पेटी उघडत होते.

कुलपाला मी हात लावला नाही. लाकूड हवेप्रमाणे फुगते, म्हणून माझे वडील कोणत्याही पेटीचा तळ चिकटवत नाहीत की ठोकत नाहीत. तळाची फळी खाचेत सरकवतात आणि मागच्या बाजूला एक लाकडी खुंटी आरपार मारतात. खुंटी काढली की फळी सरकून बाहेर येते. पतीने पेटी अडीच तास हाताळली, पण ती उलटी करून पाहिली नाही. मी पेटी पलंगावर उलटी ठेवली, खुंटी लाटण्याच्या टोकाने उलट बाजूने ठोकून काढली, फळी सरकवली, माझा लिफाफा घेतला व सर्व पूर्ववत केले.

पेटीत पतीच्याही दोन वस्तू होत्या. एक, टायर कंपनीचे 'उत्कृष्ट विक्रेता' छापलेले घड्याळ, बंद. दोन, व्यायामशाळेच्या स्पर्धेतले तिसऱ्या क्रमांकाचे पदक. स्पर्धेत किती जण होते ते मला माहीत नाही. दोन्ही जागेवर आहेत. पेटी उलटी करताना पदक झाकणावर आपटल्याचा आवाज झाला. त्याला ओरखडा पडला असल्यास तो माझ्यामुळे, हे मी आपणहून सांगते.

रविवार ते बुधवार पतीने रोज रात्री झोपण्यापूर्वी कुलूप ओढून पाहिले व समाधानाने झोपले. आज, गुरुवारी सकाळी त्यांनी विचारले, "आता कशी जाशील उद्या?" मला खोटे बोलता येत नाही. लिफाफा माझ्याकडे आहे, असे मी सांगितले. त्यावर त्यांनी पेटी स्कूटरवर घालून येथे पोलीस ठाण्यात आणली व कुलूप तोडून चोरी झाल्याची तक्रार दिली.

येथे हवालदारांनी पेटी पाहिली तेव्हा मी हजर होते. हवालदार म्हणाले, "अहो, हे तर लागलेलंच आहे. तुटलं काय?"

पती म्हणाले, "तुटलं नसेल साहेब, पण उघडलं असणारच."

"किल्ली कुणाकडे होती?"

"माझ्याकडेच. एक मिनिट गळ्यातून काढली नाही."

"मग तुम्हीच उघडलं का?"

पतीने यावर विचार करायला वेळ मागितला.

त्यानंतर हवालदार मला म्हणाले की, तक्रार आहे तोवर मूळ कागद मुद्देमाल म्हणून जमा करावे लागतील, परत मिळायला महिने लागतात. पडताळणी उद्या दहा वाजता आहे. हजर न राहिल्यास निवड रद्द होते. मी ठाण्याच्या मोठ्या साहेबांना म्हटले की, प्रत्येक कागदावर माझे नाव आहे, ते वाचून पाहावे, आणि त्यातला एक जरी पतीचा निघाला तरी सगळे जमा करून घ्यावेत.

साहेबांनी सातही कागद एकेक करून वाचले. नंतर पतीला म्हणाले, "बायकोचे कागद बायकोने घेतले. चोरी कुठली लिहू मी?" पती म्हणाले, "पण कुलूप माझं आहे." साहेबांनी कुलूप त्यांना घेऊन जायला सांगितले. पतीने ते उघडून घेतले. कोयंडाही त्यांना हवा होता, परंतु ठोकून स्क्रूंच्या खाचा बुजल्या असल्याने तो निघाला नाही. तो वडील काढतील व टपालाने पाठवतील. घड्याळ व पदक पतीच्या हातात दिली आहेत.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. लिफाफा व रिकामी पेटी घेऊन मी येथून वडिलांकडे जात आहे. पतीने आज संध्याकाळी परत यायला सांगितले आहे. मी जाणार नाही.

हवालदार हा जबाब मला वाचून दाखवणार होते. तो मी स्वतः दोनदा वाचला, सांगितल्याप्रमाणेच लिहिला आहे. अंगठ्यासाठी शाईचा डबा पुढे केला होता, तो परत दिला व खाली सही केली.