आई रांधते, बाबा रांधतात

गोवा राज्य झालं त्या वर्षीची गोष्ट. डिचोलीच्या बस स्टँडवर एक शाळकरी मुलगी आईला हॉटेलातल्या मुलाखतीसाठी इंग्रजी शिकवत होती. शेजारी बसलेल्या विमलाचे कान तिकडेच लागले.

“काय करतेस, विचारलं तर?”

“आय कुक.”

“आणि आत्ता काय करतेस, तर? आय ॲम कुकिंग.”

“खोटं कशाला सांगू गो? चूल विझवून आलेय मी.”

“धडा आहे तो, आई! म्हण.”

“आय ॲम कुकिंग. आणि ‘बाबा कुक्स’ म्हणजे?”

“बाबा रांधतात.”

“कधी गो?”

दोघी खळखळून हसल्या. विमलाची बस लागली, पण ती उठली नाही.

“मला नोकरी मिळाली तर घरात कोण रांधणार, ते सांग आधी,” आई म्हणाली.

“आय कुक,” मुलगी हळूच म्हणाली. “रोज. शाळेत जायच्या आधी.”