बाद झालेला शब्द

आजच्या समारंभाचे माननीय अध्यक्ष श्यामराव, व्यासपीठावरची पाहुणेमंडळी, ज्यांना आज आपण निरोप देतोय ते शरच्चंद्रराव, आणि समोर बसलेल्या तुम्हा सगळ्या लहानथोरांना माझा नमस्कार.

एवढं माझ्या सुनेनं, सुरुचीनं, कागदावर लिहून दिलंय. पुढचंही दिलंय, पण चष्मा घरी राहिला. श्यामराव, तो माइक जरा खाली घ्या. हां. चौथी शिकलेल्या बाईला तुम्ही इथे उभं केलंत, मला इतका आनंद झाला की सकाळपासून दोनदा साडी बदलली.

शरच्चंद्ररावांची बँकेतली कामं इतरांनी सांगितली. मी त्यांना ओळखते ते फोनवरच्या आपल्या शब्दसाखळीचे पंच म्हणून. पाहुण्यांना सांगते, दर रविवारी चार वाजता मंडळाच्या ग्रुपवर एकानं शब्द टाकायचा. त्याच्या शेवटच्या अक्षरावरून दुसऱ्यानं पुढचा, आणि सोबत त्या शब्दाचं मराठी वाक्य. शब्द बाद झाला की माणूसही बाद. मला टाइप करता येत नाही, मी बोलते आणि फोन लिहितो. भांडणं काय कमी झाली? ‘बाळ’ आल्यावर ‘ळ’चा शब्द आणायचा कुठून? दोन दिवस सॉल्ट लेकवाले एकीकडे, न्यू टाउनवाले एकीकडे. शेवटी पंचांनी लिहिलं, “ळ आला की ल धरा आणि चहा घ्या.” मिटलं.

आता सांगते ते सुरुचीच्या कागदावर नाही.

दिवाळीनंतरच्या रविवारी शेवटी दोघीच उरलो. मी आणि माझी नात आभा. नऊ वर्षांची, जन्म इथलाच. मी ‘काच’ टाकला. तिनं कुणाला न विचारता लिहिलं, “चेष्टा. मी रोज मराठी बोलायची चेष्टा करते.” पंचांनी अंगठ्याचं चित्र टाकून पास केलं. आणि मी आतल्या खोलीत जाऊन, दार लोटून, पंचांना फोन लावला.

“चेष्टा म्हणजे थट्टा. पोरीनं बंगाली अर्थ लावलाय. बाद करा.”

“काकू, निश्चेष्ट पडला म्हणतो ना आपण? म्हणजे चेष्टा ही हालचाल, खटपट. जुना अर्थ आहे. चालवून घेऊ या.”

“मग नियम कशाला केलेत? आणि माझं नाव सांगू नका.”

 शेवटी ते म्हणाले, “बरं.”

पोरीचं म्हणणं मला कळलं नव्हतं का? अहो, मला तर सगळ्यांत आधी कळलं! बत्तीस वर्षांपूर्वी माझ्या यजमानांची बदली झाली आणि आम्ही इथे बंगाली मुलखात आलो. मी भाजीवाल्याकडे अंबाडी मागितली. तो म्हणाला, “चेष्टा कोरबो, माशीमा.” मी पिशवीच आपटली. माझी चेष्टा करतोस? अख्खा बाजार बघायला लागला. दुसऱ्या दिवशी बिचारा सियालदहहून अंबाडीची जुडी घेऊन आला. तेव्हा समजलं, तो म्हणत होता, प्रयत्न करीन.

मग का केलं? या मंडळात सगळ्या शिकलेल्या बायका. पण रविवारी चार वाजले की म्हणतात, शकुनकाकूंना विचारा. तेवढं एकच माझं होतं हो. ते घरातल्याच पोरीकडे जाईल, म्हणून मी घाबरले.

शब्द बाद झाला. मंडळातल्या सारंगनं ग्रुपवर लिहिलं, “आभा मराठीची चेष्टा करते!” खाली हसऱ्या तोंडांची रांग. सारंग, मान खाली घालू नकोस, तुला काय ठाऊक होतं. सुरुची मंडळाच्या भर कार्यक्रमात शरच्चंद्ररावांना बोलली, “लहान मुलीचं चारचौघांत हसं करता, पंच म्हणवता?” मी शेजारी उभी होते. हातातल्या बशीतला चिवडा निवडत. शरच्चंद्रराव माझ्याकडे बघून म्हणाले, “चुकलंच माझं, वहिनी.” आणि पंचपद सोडलं.

आभा त्या दिवसापासून घरात मराठी बोलत नाही. मला आजी म्हणायची, आता बंगालीत ठाम्मा म्हणते. शरच्चंद्रराव परवा निरोप घ्यायला आले, तर खोलीतून बाहेर आली नाही. उद्या हे नागपूरला निघाले, की ती जन्मभर समजेल, या काकांनी माझं हसं केलं.

तर आभे, तिसऱ्या रांगेत बसली आहेस ना, फोन खाली ठेव. तुला काकांनी नाही, मी बाद केलं. तू जिंकली होतीस. आणि सुरुची, तू यांना जे बोललीस ते माझं होतं. आज घरी गेल्यावर मला बोल.

शरच्चंद्रराव, माझं झाकलंत, उपकार झाले. पण जाण्याआधी पंच म्हणून एक शेवटचा निकाल द्या. तो शब्द पास करा.

श्यामराव, चिठ्ठी बघितली, संपवतेच. सगळ्यांनी ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. त्या फोनची मात्र मला अशी सहज माफी नको. ती मागायची मी चेष्टा करतेय.

आभे, तुझ्या अर्थानं गं.