गच्चीवरचे सहा टब

—अहो ताई, गच्चीवर कुठे निघालात, आधी टेका तरी जरा! तीन मजले चढून आलात, धाप लागलीये तुम्हाला. ती बॅटरी न् ती पळी ठेवा बाजूला. चहा टाकते. नको? मग सरबत? तेही नको? बरं, बाई, बरं— पण अळ्या शोधायला आलात हे मला सांगायला नको हं, या वसाहतीच्या डास निर्मूलन समितीची अध्यक्ष मीच आहे. तो खिडकीतला चषक बघा, मनीप्लांट लावलाय ना, तोच— ‘डासमुक्त वसाहत, प्रथम क्रमांक’. खाली माझं नाव आहे, वेलीनं झाकलंय. इतका जड आहे म्हणून सांगू, घासायला उचलवत नाही, मी आपली वरून रोज तांब्याभर पाणी घालते.

कशाबद्दल मिळाला म्हणता? आता मागे गाड्या लागतात ना, तिथं तळं होतं. तळं कसलं, डबकं— मी असं म्हणाले, हे आमच्या ह्यांना सांगू नका हं. कमळं, बेडूक, चतुर, मासे, सगळा गोतावळा. मी म्हटलं, पाणी आहे म्हणजे डास आहेत, सरळ गोष्ट आहे. दारोदार फिरले, सह्या गोळा केल्या, आठ दिवसांत तळं बुजवून वर फरशी! सगळ्यांनी सह्या दिल्या, एक सोडून. कोण? जाऊ दे. —आमचे हे! सख्ख्या बायकोच्या कागदावर सही नाही केली माणसानं. तळं बुजवायच्या आदल्या दिवशी पँट गुडघ्यापर्यंत वर करून उतरले चिखलात, कमळाचे कंद काढले, मासे काढले, भंगारवाल्याकडून सहा टब आणले आणि सगळा संसार गच्चीवर नेऊन मांडला. तेव्हापासून माझ्याशी अबोला. आठ महिने! माशांशी बोलतात. मी जिन्यात उभी राहून ऐकते ना.

डास? कमी झाले की. म्हणजे— पहिला महिनाभर. मग ती फरशी खचली, जागोजागी पाणी साचायला लागलं, गाड्यांवर झाकलेल्या प्लास्टिकच्या घड्यांत साचतं, कुठं कुठं बघणार? आणि हे डास निराळेच, पांढऱ्या पट्ट्यांचे, भर दुपारी चावतात मेले. पूर्वी बेडूक खायचे, चतुर खायचे, आता खायला आहे कोण, असं हे म्हणतात. मला नव्हे, माशांना. खालच्या शिवणकामवाल्या वहिनी चार दिवस दवाखान्यात आहेत, अंग तापानं नुसतं फणफणलंय. सगळे गच्चीकडे बोट दाखवतात— तुमच्या ह्यांच्या टबांमुळेच, म्हणतात. म्हणूनच कोणीतरी तुमच्या ऑफिसात निनावी फोन केला असणार. कोणीतरी म्हणजे— असेल कोणी बाई. आवाज बाईचाच होता? तुम्हीच घेतला होता फोन? अगं बाई.

बरं, मग ऐका. मीच केला. रागाच्या भरात. आठ महिने भिंतीशी बोलून बघा तुम्ही! वाटलं, टब गेले की माणूस खाली येईल. पण ताई, तो फोन केला मंगळवारी आणि पहिलं कमळ फुललं गुरुवारी. हे खाली आले, दारात उभे राहिले, म्हणाले, “ये, बघ.” दोनच शब्द. मी पदराला हात पुसत धावले. किती बरं वाटलं काय सांगू, या वयात लाज वाटते सांगायला. आता तुम्ही ते टब उपडे केलेत आणि फोन कोणी केला हे त्यांना कळलं, तर ते पुन्हा काही बोलायचे नाहीत. जन्मात नाही. तेव्हा तुम्ही आपलं लिहून टाका, गच्ची बंद होती. किल्ली हरवलीये म्हणा. अहो— अहो ताई, थांबा की! गेल्याच.

...आलात? इतक्यात? बोला, किती उपडे केलेत? एकही नाही? सहाच्या सहा टब बघितलेत आणि अळी एकही नाही? मासे खातात? म्हणजे हे बरोबर— बरं, बरं, मान्य. आणि फोनचं? वर ह्यांच्यापाशी नाही ना बोललात? देव तुमचं भलं करो. बसा, आता तरी चहा— तिकडे कुठे? तो चषक आहे ताई, शोभेचा, त्यात काय बघायचंय? स्वच्छ पाणी आहे हो, पिण्याचं. बॅटरीचा उजेड कशाला पाडताय आत? बघू. हलतंय काय ते? केवढ्या आहेत! वळवळतायत सगळ्या. शिवणकामवाल्या वहिनी रोज दुपारी इथंच बसायच्या हो. याच खिडकीत. मीच बसवायचे, चषक दिसावा म्हणून.

लिहा. नाव काय विचारता, वेल बाजूला करा, कोरलेलंच आहे. नाही, ओता, ओता, मोरीत सगळं ओता, वेलीसकट. मी धरते एका बाजूनं. आता— अहो! ऐकलंत का? वर आहात ना? जरा चार-पाच मासे घेऊन खाली या. चषकात सोडायला. हो, माझ्याच चषकात!

उतरतायत. पावलं ऐकलीत? तुम्ही निघा आता ताई. चहा पुन्हा कधीतरी. जाताना दार ओढून घ्या.