काळ्या सुताचा पीळ

उल्हासनगरच्या दवाखान्यात ऑपरेशनच्या खोलीबाहेर बारवी धरणाकडची ठमी टकळीवर काळ्या सुताचे दोन पदर पिळत बसली होती. शेजारी रखमाबाई होत्या. समोरच्या बाकावर आपल्या नंबराची वाट बघणारा आनंदा दोघींचं बोलणं ऐकत होता.

“काय करताय?” रखमाबाईंनी विचारलं.

“लेकाचा करदोडा. आत नेताना नर्सबाईनं जुना कापला.”

“टकळी उलटी फिरवताय.”

“कातताना उजवीकडं, पिळताना डावीकडं. तवाच पदर एकमेकाला धरतात.”

“घरी गेल्यावर विकतचा बांधायचा की.”

“आमच्यात मेल्यावर कापतात, बाई. जित्याची कंबर रिकामी नाय ठेवत.”

दार उघडलं. “बारकूची आई कोण?”

“जावा तुम्ही. मी धरते, नाहीतर पीळ सुटेल.”

बऱ्याच वेळानं ठमी बाहेर आली. रखमाबाई सूत ताणून तशाच बसलेल्या.

“सोडा आता, बाई. करदोडा नाय लागायचा त्याला. हात भरून येतील तुमचे.”